उभ्या गाडीत एसी कोमट, धावत्या गाडीत हीटर गार: पिकअपमध्ये दोष कुठे शोधायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिझेल पिकअप, दोन लाख किलोमीटर झालेली, रोज मालाची ने-आण. एसी हायवेला चांगला गार लागतो, पण गाडी उभी राहिली की दोन-तीन मिनिटांत कोमट हवा. थंडीत नेमकं उलट, म्हणजे उभ्या गाडीत हीटर थोडा तरी गरम असतो आणि हायवेला लागलात की गार पडतो. ब्लोअर फक्त चौथ्या नंबरवर चालतो. किल्ली फिरवली की डॅशबोर्डमागून काही सेकंद टक-टक आवाज येतो. दोन वर्षांत तीनदा गॅस भरून झाला. आता कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप) बदलायचा सल्ला मिळाला आहे, तर बदलू का?

लगेच बदलू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात कॉम्प्रेसर खराब असल्याची एकही खूण मला दिसत नाही. चार वेगवेगळे दोष मात्र दिसतात आणि त्यातले तीन गॅसच्या पाइपला हातही न लावता पकडता येतात. तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे 'कधी' बिघडतं हे तुम्ही नीट पाहिलंय. गार लागत नाही एवढंच सांगणारा गाडीवाला आला की मीही आधी तेच विचारतो: उभी असताना की धावताना, सुरू केल्या केल्या की अर्ध्या तासानं, चढावर की सपाटीवर? या उत्तरावर अर्धं निदान होतं.

आधी एक गोष्ट डोक्यात स्पष्ट असू द्या. डॅशबोर्डच्या आत एकच हवा वाहते. ब्लोअर ती ढकलतो, ती आधी एसीच्या कूलिंग कॉइलमधून जाते, मग एक फ्लॅप ठरवतो की त्यातली किती हीटरच्या कॉइलवरून न्यायची. हीटरच्या कॉइलमध्ये इंजिनचं गरम कूलंट फिरतं, कूलिंग कॉइलमध्ये गॅस. म्हणजे हवा, पाणी आणि गॅस अशा तीन वाटा. बिघाड कुठल्या वाटेवर आहे हे ठरवल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. तपासायचंही याच क्रमानं, कारण हवेची तपासणी फुकट होते, पाण्याची जवळजवळ फुकट, आणि गॅसचं काम यंत्राशिवाय होत नाही.

हवेपासून सुरू करू. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालणं म्हणजे रेझिस्टर जळाला, यात शंका घ्यायला फारशी जागा नाही. पहिल्या तीन नंबरांवर मोटरचा करंट रेझिस्टरमधून जातो आणि त्यानं वेग कमी होतो. चौथ्यावर रेझिस्टर बाजूला पडतो आणि बॅटरीचा पूर्ण करंट थेट मोटरला मिळतो, म्हणून तो एकटा जिवंत राहतो. रेझिस्टर बहुतेक पिकअपमध्ये ग्लव्ह बॉक्सच्या मागे, ब्लोअरशेजारी दोन स्क्रूंवर बसवलेला असतो आणि त्याची तार किंवा पट्टी हवेच्या मार्गातच असते, ती थंड राहावी म्हणून. सगळे नंबर आपोआप बदलणारा ऑटोमॅटिक एसी असेल तर तिथे रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, त्याचं दुखणं वेगळं.

रेझिस्टर बदलताना दोन गोष्टी विसरू नका. त्याचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढून उजेडात धरा. एखाद्या पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालंय, फुगलंय, पिन सैल बसते असं दिसलं तर कपलरही वायरसकट बदला. जुन्या जळक्या कपलरवर नवा रेझिस्टर लावला की ढिल्या पिनेवर पुन्हा उष्णता होते आणि काही आठवड्यांत गाडी परत दारात येते. दुसरं, रेझिस्टर का जळाला, याचं उत्तर शोधा. गाडी बंद करून ब्लोअरचा पंखा बोटानं फिरवा. तो सहज फिरला पाहिजे. जड फिरत असेल, करकर वाजत असेल, तर मोटरचं बुशिंग संपलंय, ती जास्त करंट ओढते आणि त्यात रेझिस्टर शेकला जातो. केबिन फिल्टर मातीनं बंद झाला असेल तर रेझिस्टरवरून जाणारी हवाच कमी होते आणि तोही तापतो. काही पिकअपमध्ये केबिन फिल्टर नसतोच. मग पानं, धूळ, कधी उंदराचं घरटं थेट ब्लोअरच्या पिंजऱ्यात आणि कूलिंग कॉइलच्या तोंडावर जाऊन बसतं. ब्लोअर खाली उतरवला की त्याच जागेतून आत टॉर्च मारून कॉइलचा चेहरा बघून घ्या. पुन्हा उघडायची वेळ येणार नाही.

आता टक-टक. हा आवाज फ्लॅप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा आहे. तिच्या आत प्लॅस्टिकचे बारीक गिअर असतात, त्यातला एखादा दात तुटला की मोटर फिरत राहते, फ्लॅप हलत नाही आणि गिअर घसरून आवाज करतो. कुठली मोटर, हे ओळखायला सोपी युक्ती: आवाज येत असताना आधी तापमानाचा नॉब गार ते गरम सावकाश फिरवा, मग हवेची दिशा बदला, मग आतली-बाहेरची हवा बदला. ज्या नॉबला आवाज बदलतो, त्याची मोटर. तापमानाचा फ्लॅप मध्येच अडकला असेल तर एसी आणि हीटर दोन्ही अर्धवट लागतात. एसी सुरू असताना हवा थोडी हीटरच्या कॉइलवरून जातच राहते आणि आपण गॅसला दोष देत बसतो. मोटर उतरवून फ्लॅपचा दांडा हातानं फिरवून पाहा. दोन्ही टोकांपर्यंत हलका फिरला तर फक्त मोटर बदला. अडखळला तर आत काहीतरी पडलंय किंवा फ्लॅपच मोडलाय. काचेखालच्या फटीतून पेन, टोलची पावती, नाणं आत जातं, हे मी अनेकदा बाहेर काढलंय. नवी मोटर बसवल्यावर तिला दोन्ही टोकं शिकवावी लागतात. काही गाड्या किल्ली चालू केल्यावर स्वतः शिकतात, काहींना स्कॅनर लावावा लागतो.

काही जुन्या पेट्रोल पिकअपमध्ये या मोटरींऐवजी इंजिनच्या व्हॅक्यूमवर फ्लॅप चालतात. त्या गाड्यांची एक खास तक्रार असते: लोड घेऊन चढ चढताना समोरची हवा अचानक बंद होते आणि काचेकडे जाते. चढावर इंजिनचं व्हॅक्यूम पडतं, साठ्याची टाकी किंवा तिचा एकमार्गी व्हॉल्व्ह गळका असतो, आणि फ्लॅप मूळ जागी, म्हणजे काचेकडे परततो. काच धुरकट होऊ नये म्हणून बनवणाऱ्यांनी मूळ जागा मुद्दाम तशी ठेवलेली असते. तुमच्या गाडीत टक-टक आहे, म्हणजे मोटरी आहेत. हा भाग तुम्हाला लागू नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या कामाला येईल.

पाण्याच्या वाटेवर या. हीटर उभ्या गाडीत बरा आणि हायवेला गार, हे उघडा अडकलेल्या थर्मोस्टॅटचं लक्षण आहे. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 92 अंशांच्या दरम्यान उघडतो, तोपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो उघडाच राहिला तर धावताना समोरचा वारा रेडिएटरमधून इंजिनची उष्णता सतत काढून घेतो आणि हीटरला काही उरत नाही. डिझेल इंजिन मुळातच कमी उष्णता वाया घालवतं, त्यामुळे त्यात हे जास्त जाणवतं. तुमचा तापमानाचा काटा हायवेला खाली सरकतो का, हे उद्याच बघा. सरकत असेल तर निदान झालंच.

खात्री हातानं करता येते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड रबरी पाइपवर हात ठेवा, पंखा आणि पट्टा यांपासून बाही लांब ठेवून. थर्मोस्टॅट ठीक असेल तर बराच वेळ पाइप गारच राहतो आणि मग एकदम गरम होतो, जणू कुणी तोटी सोडली. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा आहे. तो बदला, सोबत गॅसकेट किंवा रबरी रिंग नवी. थर्मोस्टॅट काढूनच टाका, गाडी थंड राहील, असा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. थंड चालणारं डिझेल जास्त डिझेल पितं, काजळी धरतं, ऑइलमध्ये ओल साठते आणि तुमचा हीटर कायमचा जातो.

थर्मोस्टॅट बदलूनही हीटर कमी वाटला तर इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, हीटर फुल आणि ब्लोअर मध्यम ठेवून, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत जाणारे हीटरचे दोन पाइप तपासा. दोन्ही सारखे गरम आणि हवा गार, तर दोष फ्लॅपमध्ये. एक पोळतोय आणि दुसरा कोमट, तर हीटरची कॉइल तुंबली. दोन्ही कोमट, तर कूलंट पोहोचतच नाही: पातळी कमी, हवेचा गोळा अडकलेला, पंपाची पाती झिजलेली, नाहीतर हीटरकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद. हातापेक्षा इन्फ्रारेड थर्मामीटर बरा. दोन पाइपांत 10 ते 15 अंशांचा फरक साधारण चालतो, 25-30 अंश दिसले की मी कॉइल धुवायला घेतो.

कॉइल धुणं हे घाईचं काम नाही. इंजिन गार होऊ द्या. गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही. आत दाबाखाली असलेलं पाणी क्षणात उकळून अंगावर येतं. पत्र्याजवळचे दोन्ही पाइप सोडवा, पण चिकटलेला पाइप पकडीनं पिळू नका. आतली नळी पातळ ॲल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची असते आणि ती मोडली तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पाइपच्या टोकाला ब्लेडनं उभी चीर द्या आणि सोलून काढा, पाइप नवा घाला. मग साधी बागेची नळी लावून, हलक्या दाबानं, नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेनं पाणी सोडा. पहिलं पाणी चहासारखं तपकिरी येतं. मग थोडं स्वच्छ वाटतं आणि तिथेच बरेच जण थांबतात. दिशा बदला आणि पुन्हा सोडा: गंजाचे पापुद्रे, पांढरट खडे, कधी जेलीसारखे गोळे निघतात. दोन्ही दिशांनी पाणी काचेच्या बाटलीत धरून पारदर्शक दिसेपर्यंत हे करायचं. हवेच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब मारू नका, कॉइलचे सांधे तेवढ्यासाठी बनलेले नसतात.

ते जेलीसारखे गोळे बहुधा दोन वेगळ्या जातींचं कूलंट एकत्र केल्यानं होतात. रंग बघून कूलंट निवडू नका, कारण रंगाला कुठला नियम नाही. गाडीच्या पुस्तकात कुठल्या प्रतीचं लिहिलंय ते बघा. डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्यात निम्मं-निम्मं मिसळलं तर ते सुमारे उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही आणि उकळण्याचा बिंदूही वर जातो. नळाचं जड पाणी आत पांढरा थर धरतं, तो पुन्हा त्याच कॉइलमध्ये जाऊन बसतो. भरताना गाडीचं तोंड थोडं उंच ठेवा, हीटर फुल गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा. इंजिन गरम होऊन पुन्हा गार झालं की पातळी परत बघा. पातळी दर आठवड्याला उतरत असेल आणि बाहेर गळती दिसत नसेल, गार इंजिन सुरू केल्यावर लगेच पाइप टणक होत असेल, तर हेड गॅसकेटकडे लक्ष वळवा. हीटर तेव्हा फक्त पहिली सूचना देत असतो.

कॉइलच गळत असेल तर केबिनमध्ये गोडसर वास येतो, काचेवर आतून तेलकट धुकं बसतं आणि पायाखालचा गालिचा चिकट ओला होतो. नुसतं साधं पाणी असेल तर ते एसीचं आहे, कूलिंग कॉइलखालची निचऱ्याची नळी तुंबलीय. बोटांनी चोळून फरक कळतो, पण चव बघू नका. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी आहे. गाडीखाली सांडलेलं कूलंटही लगेच धुऊन टाका, मुलं आणि जनावरं चाटतात.

आता तुमचा मुख्य त्रास, उभ्या गाडीत एसी कोमट. एसी केबिनमधली उष्णता उचलतो आणि समोरच्या जाळीमागच्या कंडेन्सरवर नेऊन बाहेर टाकतो. गाडी धावते तेव्हा वारा ते काम करतो, उभी राहिली की फक्त पंखा. म्हणून पहिला संशय पंखा आणि कंडेन्सरवर. गॅस कमी असला तरी आयडलिंगला कूलिंग पडतं, कारण कॉम्प्रेसर सावकाश फिरतो, त्यामुळे दोन्हींत फरक करायला हवा. एक बादली पाणी पुरतं. एसी फुल, गाडी उभी, हवा कोमट झाली की पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर पाण्याची बारीक फवार मारा. एक-दोन मिनिटांत आतली हवा गार झाली तर गॅस पुरेसा आहे आणि कंडेन्सरला वारा मिळत नाहीये. काहीच फरक पडला नाही तर गॅसच्या वाटेला जा.

वारा का मिळत नाही, याची माझ्या अनुभवातली पहिली जागा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट. समोरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो. वरचं कव्हर काढून त्या फटीत टॉर्च मारली की कळतं: गवत, किडे, पिसं, ऑइलला चिकटलेली माती यांची अक्षरशः गादी तयार झालेली असते. एका पिकअपमध्ये ती गादी मी हातानं अखंड उचलली होती, तिच्यावर रेडिएटरच्या पट्ट्यांचे ठसे उमटले होते. त्या गाडीत आधी कंडेन्सर बदलून झाला होता. धुताना पाणी इंजिनकडून पुढच्या दिशेनं मारा, हलक्या दाबानं. प्रेशर वॉशरची धार नाजूक पट्ट्या आडव्या करते आणि मग वाट कायमची बंद होते.

दुसरी जागा पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं गोल कव्हर, म्हणजे श्राउड. रेडिएटरच्या कामात ते काढलं जातं आणि तुटलेलं म्हणून परत लावलं जात नाही. त्याशिवाय पंखा आजूबाजूची हवा घुसळत राहतो, रेडिएटरमधून ओढत नाही. कडेच्या फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्याही तितक्याच महत्त्वाच्या. त्या गेल्या की उभ्या गाडीत रेडिएटरमागची गरम हवा बाजूनं वळसा घालून परत कंडेन्सरसमोर येते. जाळीसमोर लावलेले जादा दिवे, जाड गार्ड, मोठा फलक यांनीही वारा अडतो.

तिसरी जागा पंख्याचा क्लच. पिकअपमध्ये पुष्कळदा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर असतो आणि मध्ये सिलिकॉन तेलाचा क्लच. इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी गरम असताना पंखा हातानं फिरवा. घट्ट वाटून लगेच थांबला तर ठीक, मोकळा दोन-तीन फेरे मारत राहिला तर क्लच गेला. मधल्या भागावर तेलाचे ओघळ दिसले तरी तेच. पंखा इलेक्ट्रिक असेल तर एसी लावल्यावर तो सुरू होतो का आणि दोन्ही वेगांवर चालतो का, हे पाहा. नाही चालला तर फ्यूज, रिले, मग मोटर.

इतकं झाल्यावर गॅसची वाट. तुम्ही तीनदा गॅस भरलात याचा अर्थ तो कुठूनतरी जातोय. ही बंद नळी आहे, गॅस वापरून संपत नाही. रबरी पाइपांमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, पण आठ महिन्यांत कूलिंग जाण्याइतका नाही. गळती न शोधता वरून भरत राहणं याला मी ठाम विरोध करतो. आर-134ए हा एसीचा गॅस वातावरणात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1430 पट उष्णता धरतो, आणि गॅसबरोबर थोडं थोडं ऑइलही बाहेर जातं. तेच ऑइल कॉम्प्रेसरला वंगण देतं. दोष नसलेला कॉम्प्रेसर अशानंच मरतो.

गळतीची जागा बहुतेकदा स्वतःच सांगते: सांध्यावर तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ. भरायच्या दोन व्हॉल्व्हची टोपणं काढून साबणाचं पाणी लावा, आतली छोटी सुई-व्हॉल्व्ह गळत असते आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही. मग कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलचा भाग, दगड लागलेला कंडेन्सरचा खालचा भाग, चॅसिसवर घासणारे पाइप. कुठेच दिसलं नाही तर रंग घालून अल्ट्राव्हायोलेट दिवा, किंवा कोरडा नायट्रोजन भरून साबण. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते, ती दिसत नाही. गॅस हवेपेक्षा जड असल्यानं गळती शोधणाऱ्या यंत्राचं टोक निचऱ्याच्या नळीशी धरलं की कळतं. गळती बुजवणारं रसायन मात्र घालू नका, ते एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलच्या तोंडावरचा बारीक छिद्राचा व्हॉल्व्ह) तुंबवतं आणि गॅस काढणारं यंत्रही बिघडवतं.

गेजबद्दल, म्हणजे गॅसचा दाब दाखवणाऱ्या काट्याबद्दल, एक गैरसमज फार पसरलेला आहे. बंद गाडीत काटा चांगला दाब दाखवतो म्हणजे गॅस पूर्ण आहे, असं नाही. आर-134ए बंद नळीत 25 अंशांना सुमारे 80 पीएसआय, 30 ला 97, 35 ला 114 दाखवतो, आणि आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी हाच आकडा येतो. अर्धा भरलेला आणि पूर्ण भरलेला यांत काट्याला फरक दिसत नाही. किती आहे हे कळायला एकच मार्ग: यंत्रानं सगळा काढायचा, वजन करायचं, आणि बोनेटखालच्या पट्टीवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच वजन करून भरायचा. जास्त भरला तरी उभ्या गाडीत कूलिंग पडतं, कारण कंडेन्सर द्रवानं भरून जातो. तीनदा अंदाजानं भरलेल्या तुमच्या गाडीत हीही शक्यता मी धरून चालतो.

गाडी चालू असताना बाहेर 30 अंश असेल तर आयडलिंगला लो साइड (कॉम्प्रेसरकडे येणारी कमी दाबाची बाजू) 30 ते 45 आणि हाय साइड (कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे जाणारी जास्त दाबाची बाजू) साधारण 180 ते 240 पीएसआयच्या आसपास बसते. दोन्ही कमी, तर गॅस कमी. दोन्ही जास्त, तर वारा नाही, गॅस जास्त, किंवा आत हवा शिरलीय. लो साइड फार खाली आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर बर्फाची टोपी, तर तिथे अडथळा. थोडा वेळ गार, मग गरम, मग आपोआप गार, तर आत ओल आहे आणि ती व्हॉल्व्हमध्ये गोठते. आणि लो साइड चढलेली, हाय साइड उतरलेली, रेस वाढवली तरी दोन्ही काटे जवळजवळच राहतात, तेव्हा कॉम्प्रेसर दाब बनवत नाही असं म्हणता येतं. तुमची गाडी हायवेला चांगली गार होते. दाब न बनवणाऱ्या कॉम्प्रेसरला ते सहसा जमत नाही.

कॉम्प्रेसरवर घाईनं ठपका ठेवला जातो याचं एक उदाहरण सांगतो. एक पिकअप आली, एसी पंचवीस मिनिटं उत्तम, मग पूर्ण बंद, तासभर उभी केली की पुन्हा उत्तम. मालक नवा कॉम्प्रेसर घ्यायच्या तयारीत होते. मी बोनेट उघडं ठेवून गाडी चालू ठेवली आणि थांबलो. बंद पडल्याक्षणी कॉम्प्रेसरच्या क्लचच्या (पट्ट्याच्या पुलीला कॉम्प्रेसर जोडणाऱ्या चुंबकी भागाच्या) कॉइलवर मीटर लावला: पूर्ण व्होल्टेज, अर्थिंग चांगलं, आणि क्लचची प्लेट मात्र पुलीपासून सुटलेली. लांब कोरड्या लाकडी दांडीनं प्लेटला हलका धक्का दिला, 'खट्' झालं आणि कॉम्प्रेसर फिरू लागला. झिजून प्लेट आणि पुलीमधली फट वाढली होती, गरम झालेल्या कॉइलचं चुंबक कमजोर पडून तेवढ्या अंतरावरून प्लेट ओढू शकत नव्हतं. फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट 0.9 मिलिमीटर भरली, त्या कॉम्प्रेसरला 0.3 ते 0.6 हवी होती. मधला बोल्ट काढून एक पातळ शिम (धातूची चकती) कमी केली, काम झालं. दांडीचा प्रयोग सराव नसलेल्यानं करू नये, फिरता पट्टा हात ओढून नेतो. काही नव्या कॉम्प्रेसरना क्लच नसतोच, तिथे हे लागू नाही.

गॅसची नळी उघडली की ड्रायर (आतली ओल शोषणारा डबा) नवा, सगळे ओ-रिंग (सांध्यांतल्या रबरी रिंगा) नवे आणि गेलेल्या ऑइलचा हिशेब करून तेवढंच ऑइल. मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम. 25 अंशांना पाणी उकळायला दाब वातावरणाच्या 3 टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो, तेव्हाच आतली ओल वाफ होऊन निघते. दहा मिनिटांच्या व्हॅक्यूमनं हवा जाते, ओल राहते. पंप बंद करून पंधरा-वीस मिनिटं काट्यावर नजर ठेवा, तो वर चढला तर गॅस भरू नका. पट्टीवर आर-1234वायएफ लिहिलं असेल तर त्यात 134ए घालायचा नाही, आणि कुठल्याही गाडीत स्वयंपाकाचा गॅस तर अजिबात नाही. 134ए उणे 26 अंशांना उकळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालूनच पाइप जोडा.

तुमच्या गाडीसाठी मी या क्रमानं जाईन: रेझिस्टर आणि कपलर, टक-टक करणारी फ्लॅप मोटर, थर्मोस्टॅट, मग पाण्याची फवार मारून परीक्षा आणि त्या फटीची सफाई. त्यानंतर गळती शोधून, वजनानं गॅस. शेवटी पारख अशी करा: मधल्या जाळीत थर्मामीटर, आतली हवा फिरती, ब्लोअर मध्यम, काचा बंद, इंजिन 1500 फेऱ्यांवर पाच मिनिटं. बाहेर 30 अंश आणि हवा फार दमट नसेल तर 6 ते 10 अंश दिसायला हवेत. मग पाय काढून दहा मिनिटं आयडलिंगला ठेवा. आकडा दोन-चार अंश चढून थांबला तर गाडी घेऊन जा. चढतच राहिला तर पंख्याचा क्लच पुन्हा हातानं फिरवून पाहा.